गोळी घ्यायची की नको? उपचारांच्या शिफारशीमागचा पुरावा कसा तोलतात

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या दवाखान्याच्या पडवीत ओल्या छत्र्यांची रांग लागलेली असते. सिंधुदुर्गातलं किनाऱ्याजवळचं गाव, लावणीचे दिवस, त्यामुळे सकाळी येणारे सगळे शेतावर पोचायच्या घाईत. अशाच एका सकाळी पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई आल्या. पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या, टाचांना चिरा पडलेल्या. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक. लेप्टो, म्हणजे उंदीर-गुरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, होऊ नये म्हणून आशाताईंनी घरी आणून दिलेली.

"आशाताई सांगता घे, घोव सांगता नको, पोटात मळमळता. डॉक्टरांनू, माका सरळ सांगा. घेवची की नको?"

अशा प्रश्नाला मी कित्येक वर्षं एका शब्दात उत्तर देत आलो. त्या दिवशी मात्र थांबलो, कारण त्या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. या गोळीने लेप्टो टळतो हे आपल्याला किती खात्रीने माहीत आहे, हा एक. आणि या बाईंना ती घ्या असं सांगायचं का, सांगायचं तर किती जोर देऊन, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळतं असं आपण धरून चालतो. तसं ते मिळत नाही.

किनाऱ्यावरच्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो, तेव्हा सोसाट्याचा वारा नेमका आपल्याच खाडीच्या तोंडाशी येणार का, हे हवामान खात्यालाही छातीठोकपणे सांगता येत नसतं. तरी इशारा स्पष्ट असतो: मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. अंदाज चुकला तर एक दिवसाची मासळी बुडते. अंदाज खरा ठरला आणि होडी बाहेर असली तर माणसं बुडतात. म्हणून खात्री अर्धीमुर्धी असली तरी सांगणं ठाम. याच्या उलटही होतं. दुपारी सर येणार हे अगदी पक्कं ठाऊक असलं, तरी बांगडे सकाळपुरते अंगणात वाळत घालायचे की नाही, हे घरच्या बाईनेच ठरवायचं असतं. तिथे खात्री पुरेपूर आहे, पण हुकूम कुणीच सोडत नाही.

जागतिक आरोग्य संघटना, सरकारं, तज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटना वेळोवेळी उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढतात. अमुक आजारात अमुक करावं, तमुक करू नये, अशा शिफारशींची ती यादी असते. नीट लिहिलेल्या सूचनेत प्रत्येक शिफारशीपुढे वर सांगितलेली दोन मापं वेगवेगळी दिलेली असतात: पुराव्याची खात्री आणि शिफारशीचा जोर. ही दोन मापं रुग्णापर्यंत पोचत नाहीत. पोचतं ते फक्त "घ्या" किंवा "घेऊ नका". मधली सगळी माहिती वाटेत गळून जाते, आणि मला ते फार खटकतं, कारण औषध पोटात जाणार असतं ते त्या माणसाच्या.

आधी पुराव्याचं बघू. औषधाने गुण आला हे ठरवायचं कसं? १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. १०७ रुग्ण होते. कुणाला औषध द्यायचं आणि कुणाला नुसती बिछान्यावरची विश्रांती, हे डॉक्टरांनी निवडलं नाही. ती वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी, आधीच बंद पाकिटांत ठरलेली होती. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले, विश्रांतीवर असलेल्या ५२ जणांपैकी १४. ही चिठ्ठ्यांची युक्ती दिसायला साधी आहे, पण आधुनिक वैद्यकाचा बराचसा भार तिच्यावर उभा आहे.

तिची गरज का पडते ते आमच्याच गावात दिसतं. समजा, डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या शेतकऱ्यांची नुसती मोजदाद केली आणि घेणाऱ्यांत लेप्टो कमी आढळला. श्रेय गोळीला द्यायचं का? जो माणूस आठवणीने गोळी घेतो, तोच बहुधा जखमेला पट्टी बांधतो, गमबूट घालतो, घरातल्या उंदरांचा बंदोबस्त करतो. फरक गोळीचा की माणसाचा, हे सुटं करता येत नाही. चिठ्ठ्या टाकल्या की जपून वागणारे आणि बेफिकीर दोन्ही गटांत सारखेच विखुरले जातात. मग उरलेला फरक औषधाचा, असं म्हणायला जागा होते.

पुराव्याला पायऱ्या लावण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न १९७९ साली कॅनडात झाला. नंतर जो तो आपापली अक्षरं आणि आकडे वापरू लागला आणि गोंधळ माजला. तो निस्तरायला २००० साली एक आंतरराष्ट्रीय गट एकत्र आला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गायट हे त्यातलं ठळक नाव. त्या गटाने बसवलेल्या पद्धतीला 'ग्रेड' म्हणतात, आणि आज जागतिक आरोग्य संघटनेसह शंभराहून अधिक संस्था ती वापरतात.

ग्रेडमध्ये पुराव्याच्या खात्रीच्या चार पायऱ्या आहेत: उच्च, मध्यम, कमी, अत्यंत कमी. उच्च म्हणजे आज दिसणारा परिणाम खऱ्या परिणामाच्या अगदी जवळ असणार. अत्यंत कमी म्हणजे खरी गोष्ट आज दिसते त्याहून बरीच वेगळी निघू शकते. 'कमी' याचा अर्थ औषध निकामी, असा मुळीच नाही. आपल्याला नीट माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हा फरक डॉक्टरसुद्धा विसरतात.

चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्यांचा पुरावा वरच्या पायरीवरून सुरू होतो, नुसत्या निरीक्षणाचा खालच्या. पण जिथून सुरुवात झाली तिथेच तो राहत नाही. पाच कारणांनी तो खाली उतरवला जातो. ती कारणं मी त्या बाईंच्या पट्टीवरच दाखवतो, कारण डॉक्सिसायक्लिनची गोष्ट यासाठी फार बोलकी आहे.

१९८४ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या अमेरिकन सैनिकांवर झाली. ९४० जण होते. निम्म्यांना आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. बिनऔषधाच्या गटात २० जणांना लेप्टो झाला, औषधाच्या गटात फक्त एकाला. म्हणजे ९५ टक्के बचाव. एवढंच वाचलं तर प्रत्येक शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यावी असं कुणालाही वाटेल.

आता दुसरी चाचणी. २००० साली प्रसिद्ध झालेली, आपल्या अंदमानातली. ७८२ माणसं, तेवढीच मात्रा, तशीच वाटणी. तिथे रक्ततपासणीत संसर्गाचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच निघालं. गोळीने जंतू शिरणं काही थांबलं नाही. पण प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण मात्र ६.८२ टक्क्यांवरून ३.११ टक्क्यांवर आलं. एका चाचणीत जवळजवळ संपूर्ण बचाव, दुसरीत निम्मा, तोही फक्त आजारापासून. दोन साक्षीदार एकच घटना वेगवेगळी सांगू लागले तर न्यायाधीशाचा विश्वास जसा थोडा डळमळतो, तसंच हे. पुरावा उतरवण्याचं हे एक कारण: निष्कर्षांचा मेळ न बसणं.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते कारण म्हणजे पुरावा आपल्या माणसाचा नसणं. पनामातले ते तरुण, धडधाकट सैनिक होते. बूट घातलेले, तीन आठवड्यांपुरते जंगलात आलेले. माझ्यासमोरच्या बाई पंचावन्नच्या. जून लागल्यापासून अनवाणी चिखलात. ज्या पाण्यात उभ्या राहतात त्यात त्यांचाच बैल मुततो आणि बांधावरचा उंदीरही. घरी गेल्या की पुन्हा ओल्या गोठ्यात. त्या सैनिकांचा आकडा या बाईंना जसाच्या तसा लावायचा कसा? अंदमानची माणसं त्यांच्या कितीतरी जवळची, म्हणून त्या चाचणीचं म्हणणं मी अधिक मनावर घेतो.

तिसरं कारण आकडे तोकडे असणं. २० विरुद्ध १ हा फरक मोठा आहे, पण एकूण आजारी २१ जणच. दोन-चार माणसं इकडची तिकडे झाली असती तर टक्केवारी बरीच हलली असती. चौथं कारण चाचणी ढिसाळपणे झालेली असणं: वाटणी कुणाला आधीच कळली, मधेच बरीच माणसं सोडून गेली, कोण कुठल्या गटात हे तपासणाऱ्यालाच ठाऊक होतं. आणि पाचवं, न छापलेल्या चाचण्या. औषध चाललं नाही तर कागद कपाटात राहतात आणि चाललं तरच छापून येतात, अशी शंका असली की हाती आलेल्या पुराव्यावरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही.

कोक्रेन ही संस्था अशा सगळ्या चाचण्या शोधून, तोलून आढावे काढते. लेप्टो टाळण्याच्या गोळीबद्दल त्यांनी २००९ साली काढलेल्या आढाव्यात हिशेबात धरण्याजोग्या चाचण्या तीनच निघाल्या. निष्कर्ष असा की दर आठवड्याच्या डॉक्सिसायक्लिनचा फायदा स्पष्ट नाही, पण मळमळ आणि उलटी मात्र नक्की वाढते. म्हणजे घोवाचं, त्या बाईंच्या नवऱ्याचं, म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

इथे एक हिशेब सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. '९५ टक्के बचाव' आणि 'निम्मा बचाव' हे ऐकायला किती वेगळे वाटतात! पण हजार माणसांमागे मोजून बघा. पनामात हजारी ४२ आजारी पडत होते, ते २ वर आले, म्हणजे ४० वाचले. अंदमानात ६८ चे ३१ झाले, म्हणजे ३७ वाचले. फरक फार नाही. कारण अंदमानात साथच मोठी होती. आता समजा, एखाद्या गावात हंगामभरात हजारांमागे दोघांनाच लेप्टो होतो. तिथे निम्मा बचाव म्हणजे हजार माणसांनी आठवड्यामागून आठवडे गोळ्या घ्यायच्या, कित्येकांनी मळमळ सोसायची, आणि एक माणूस वाचायचा. गोळी तीच, टक्का तोच, पण गाव बदललं की हिशेब बदलतो. म्हणून कुणी टक्का सांगितला की मी आधी विचारतो, किती जणांमागे, आणि कुठल्या ठिकाणी.

खाली उतरण्याची ही कारणं झाली. पुरावा वर चढतो तेव्हाची गोष्ट आपल्याच कोकणातली आहे, आणि ती सांगताना मला अभिमान वाटतो.

महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव बहुतेकांना ठाऊक असेल. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सत्तरच्या दशकात ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावलेली माणसं, त्यात लहान मुलं बरीच, रात्री-अपरात्री त्यांच्यापुढे यायची. दरदरून घाम, उलट्या, बर्फासारखे थंडगार हातपाय, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरून मृत्यू. गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीसच्या घरात दगावत. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशी बसून एकेक लक्षण टिपलं. विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर ताण येतो हे पाहून रक्तदाबावरची प्रॅझोसिन नावाची स्वस्त गोळी वापरायला सुरुवात केली. १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात दोन-चारांवर आलं.

त्या वेळी चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या. आधीचे रुग्ण आणि नंतरचे रुग्ण, एवढीच तुलना. नियमाने हा पुरावा खालच्या पायरीवरचा. शंका घ्यायला जागाही आहे: मधल्या काळात रस्ते सुधारले, माणसं लवकर पोचू लागली, डॉक्टरांचा हातही बसला. पण फरक केवढा! रस्ते सुधारले म्हणून तीसाचे तीन होत नाहीत. परिणाम इतका मोठा असला की इतर कारणांनी त्याची पुरती फोड करता येत नाही, आणि अशा वेळी ग्रेड निरीक्षणाच्या पुराव्यालाही वर चढवते. मात्रा वाढवली की गुण वाढताना दिसला, किंवा उरलेल्या शंका परिणाम कमी दाखवणाऱ्याच बाजूच्या असल्या, तरीही पुरावा वर जातो. पण मोठा परिणाम हे सगळ्यांत भरभक्कम कारण. खेड्यातल्या डॉक्टरने केलेल्या नोंदींना किंमत नसते असं कुणी म्हणालं, तर मी त्याला बिरवाडीचा रस्ता दाखवतो.

बावस्कर तिथेच थांबले नाहीत. विंचवाच्या विषावरचं प्रतिविष आल्यावर त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी महाडमध्येच चिठ्ठ्या टाकून चाचणी केली. २०११ साली ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. ७० रुग्ण. प्रॅझोसिनबरोबर प्रतिविषही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या प्रॅझोसिनवरच्या ३५ पैकी ८. आता हाच अभ्यास कठोर नजरेने तोलू. चिठ्ठ्या होत्या, ही जमेची बाजू. पण कुणाला काय दिलं हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून थोडी वजावट. शिवाय ७० माणसांवरून लवकर बरं होण्याबद्दल बोलता येतं, मृत्यू टळण्याबद्दल नाही. एकाच अभ्यासात एका प्रश्नासाठी पुरावा बरा आणि दुसऱ्यासाठी तोकडा असू शकतो. म्हणूनच ग्रेडमध्ये पायरी अभ्यासाला लावत नाहीत. मृत्यू, बरं होण्याचा वेळ, त्रास, अशा प्रत्येक परिणामाला ती वेगळी लावतात.

आता दुसरं माप, शिफारशीचा जोर. ग्रेडमध्ये तो दोनच प्रकारचा: ठाम आणि सशर्त. ठाम म्हणजे सगळी माहिती दिली तर जवळजवळ प्रत्येक शहाणा माणूस हेच निवडेल. सशर्त म्हणजे बहुतेक जण हे निवडतील, पण बरेचसे निवडणार नाहीत, आणि तेही चूक नसतील. जोर ठरवताना पुराव्याच्या खात्रीसोबत आणखी गोष्टी तोलल्या जातात. फायदा किती आणि त्रास किती, माणसांना कशाचं मोल जास्त, खर्च किती, आणि ते इथे होण्याजोगं आहे का. हा शेवटचा प्रश्न कोकणात फार खरा आहे. एखाद्या तपासणीसाठी दर महिन्याला गोव्यात बांबोळीला किंवा कोल्हापूरला जायचं म्हणजे गाडीभाडं, सोबतीचा माणूस आणि दोघांची बुडालेली मजुरी. शहरात बसून लिहिलेल्या सूचनेत हे धरलेलं नसेल तर तिचा जोर इथे तेवढाच राहत नाही.

बावट्याचं उदाहरण जिथे तंतोतंत लागू पडतं तो सर्पदंश. फुरसं किंवा घोणस चावून हिरड्यांतून रक्त येऊ लागलेल्या माणसांत चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना नुसतं सलाईन द्यायचं, अशी चाचणी माणुसकीला धरून होणार नाही. त्यामुळे तसा पुरावा कधी मिळणारही नाही. तरी विषबाधेची लक्षणं असतील तर प्रतिविष द्या, ही शिफारस ठाम आहे, कारण पलीकडे मृत्यू आहे. करकचून दोरी बांधू नका, चिरा मारू नका, हेही तसंच ठाम. आणि जिथे चाचणी करता येते तिथे ती करायलाच हवी. प्रतिविषाची जीवघेणी रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून आपल्याकडे कित्येक वर्षं स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन आधी टोचत आले. श्रीलंकेत १००७ रुग्णांवर नीट चाचणी झाली आणि २०११ साली कळलं की त्या दोन्हींचा उपयोग दिसत नाही. अ‍ॅड्रेनलिनच्या लहान मात्रेने मात्र पहिल्या तासातल्या गंभीर रिअ‍ॅक्शन ४३ टक्क्यांनी कमी झाल्या.

ठाम आणि सशर्त यांतला फरक लोकांना न सांगण्याची किंमत मी करोनाच्या साथीत, २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये पाहिली. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला एका रुग्णालयाने रेमडेसिविर या विषाणूविरोधी इंजेक्शनची चिठ्ठी लिहून दिली आणि "कुठूनही आणा" म्हणून सांगितलं. मुलगा रात्री फोंडा घाट चढून कोल्हापूरला गेला. हापूसच्या पेट्यांचे नुकतेच आलेले पैसे त्याने त्या कुप्यांवर घातले. त्याच एप्रिलमध्ये आपल्या राष्ट्रीय उपचारसूचनेत रेमडेसिविरपुढे काय लिहिलं होतं? मर्यादित पुराव्यावर, ठरावीक रुग्णांत, 'विचार करता येईल'. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२० च्या नोव्हेंबरमध्येच ते देऊ नये अशी सशर्त शिफारस केली होती. 'विचार करता येईल' याचं दाराशी येईपर्यंत 'आणलंत तरच वाचेल' झालं. त्या मुलाला कुणी खरं वाक्य वाचून दाखवलं असतं, तर तो त्या रात्री वडिलांजवळ बसला असता. वडील गेले.

त्याच साथीत प्लाझ्माचंही, म्हणजे करोनातून बरं झालेल्यांच्या रक्तातून काढलेल्या द्रवाचं, तसंच झालं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी केली, २०२० मध्येच निष्कर्ष आला की प्लाझ्माने मृत्यू किंवा आजाराचं बळावणं कमी होत नाही. तरी लोक मे २०२१ पर्यंत रक्तगट लिहून दाते शोधत होते. मग सूचनेतून प्लाझ्मा वगळला गेला. आणि काही रुपयांच्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडबद्दल पुरावा खणखणीत होता. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. पण ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा फायदा दिसला नाही. म्हणून एकाच औषधाला दोन शिफारशी मिळाल्या: गंभीर रुग्णांत द्या, ही ठाम, सौम्य आजारात देऊ नका, ही सशर्त. सर्दी-खोकल्याला स्टेरॉइड घेणाऱ्यांपर्यंत ही दुसरी शिफारस पोचलीच नाही.

सगळेच ग्रेड वापरत नाहीत, हेही सांगायला हवं. अमेरिकेच्या हृदयरोग संघटना जोरासाठी 'वर्ग एक, दोन, तीन' आणि पुराव्यासाठी 'ए, बी, सी' लिहितात. तिथल्याच प्रतिबंधक सेवांच्या कार्यगटाकडे मात्र 'ए' ते 'डी' ही अक्षरं शिफारशीची असतात. अक्षर तेच, माप वेगळं. म्हणून कुणी "ए ग्रेडचा पुरावा आहे" म्हटलं की कुणाची ग्रेड ते विचारावं. आणि हृदयरोगासारख्या भरपूर संशोधन झालेल्या विषयातही खात्री किती? २०१९ साली अशा २६ मार्गदर्शक सूचनांतल्या २,९३० शिफारशी कुणीतरी मोजल्या. सर्वांत वरच्या 'ए' पुराव्यावर उभ्या होत्या त्या फक्त ८.५ टक्के. हे वाचून मी पहिल्यांदा हादरलो होतो. नंतर उमगलं की बाकीच्या शिफारशी चुकीच्या आहेत असा याचा अर्थ नाही. त्या सांगताना डॉक्टरने आवाज किती चढवावा, याचं हे प्रमाण आहे.

तर पुन्हा त्या बाईंकडे. मी त्यांना जे सांगितलं ते साधारण असं. गोळीने जंतू शिरायचा थांबेल याची खात्री नाही. आजार कमी होत असावा असं अंदमानात दिसलंय, पण पुरावा पक्का नाही. त्रास काहींना होतो. तुमच्या पायांना चिरा आहेत, चिखल्या आहेत, पुढचे काही आठवडे तुम्ही चिखलातच, आणि गेल्या वर्षी तुमच्याच वाडीत दोघांना लेप्टो झाला होता. म्हणून तुमच्या बाबतीत मी घ्या म्हणेन, पण नको म्हणालात तरी ती तुमची चूक धरणार नाही. पेज जेवून, तांब्याभर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवं व्हायचं नाही, म्हणजे जळजळ कमी. सून गरोदर आहे, तिला ही गोळी अजिबात द्यायची नाही. आणि कुणालाही ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर गोळी घेतलेली असो वा नसो, त्याच दिवशी दवाखान्यात यायचं. हे शेवटचं मी टेबलावर हात ठेवून, दोनदा सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पट्टी उलटी करून पाहिली, मग विचारलं, "म्हणजे पयला तुमचा सांगणा आणि हा शेवटचा येगळा?"

हो म्हटलं. पहिलं तुम्ही ठरवायचं, शेवटचं मी सांगतोय.

त्यांनी पट्टी परत पिशवीत घातली आणि पिशवीला गाठ मारली. "सोमवारी घेतंय. मंगळवारी तरवो काढूचो आसा," म्हणाल्या, आणि पडवीतल्या छत्र्यांमधून आपली शोधू लागल्या.